रुपेरी मुलामा : जलाधारित धातुरंग आणि प्लॅस्टिकची विमाने

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, रणगाडे, जहाजे आणि मोटारी यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणे हा जगभर रुजलेला छंद आहे. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५०च्या दशकात आणि जपानच्या टामिया कंपनीने १९६०नंतर तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचवला. भारतात या छंदाचा प्रसार मर्यादित राहिला असला, तरी मोठ्या शहरांतून त्याचे निष्ठावंत उपासक आढळतात. २०१०च्या दशकात एअरफिक्सच्या अनेक संचांची निर्मिती भारतातच होत असे.

प्रतिकृतीची जोडणी हे चिकाटीचे काम. पण तिचे खरे रूप ठरते ते रंगकामावर. त्यातही सर्वांत अवघड मानला जातो तो उघड्या धातूचा आभास. हिरवा, करडा वा खाकी रंग थोडा जाड बसला, कुठे ओरखडा राहिला, तरी तो खपून जातो. धातुरंग मात्र काहीच लपवत नाही. लोखंडी फाटकाला वा पाण्याच्या नळांना लावतात तसल्या 'चंदेरी' रंगाची कळा विमानाला आली, की महिनाभराचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात.

अनेक वर्षे या कामासाठी लॅकर जातीच्या, उग्र द्रावकांवर आधारलेल्या रंगांना पर्याय नाही असे समजले जाई. गेल्या काही वर्षांत पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक धातुरंगांनी ही समजूत बरीच बदलली आहे. हे रंग वापरण्याची रीत मात्र वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय ते यश देत नाहीत.

चमक येते कुठून?

धातुरंगाच्या बाटलीत द्रवरूप धातू नसतो. पारदर्शक चिकट माध्यमात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म, चपटे पापुद्रे तरंगत असतात. काही रंगांत धातूऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात. रंग वाळताना हे पापुद्रे कौलांसारखे एकमेकांशेजारी सपाट बसले, तर त्यांच्यावर पडणारा प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि डोळ्यांना सलग धातू दिसतो. तेच पापुद्रे वेडेवाकडे, काही उभे तर काही तिरके बसले, की प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग करडा, रवाळ दिसू लागतो.

पापुद्र्यांचा आकारही तितकाच महत्त्वाचा. समजा, एखाद्या रंगातील पापुद्रा ३० मायक्रॉन रुंदीचा आहे. १/७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर तो बसला, तर मूळ विमानाच्या हिशेबाने त्याची रुंदी दोन मिलिमीटरांहून अधिक होते. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर एवढ्या मोठ्या टिकल्या कधीच चमकत नाहीत. हस्तकलेच्या दुकानांतील रुपेरी रंग प्रतिकृतीवर खोटे वाटतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

थोडक्यात, धातूची चमक बाटलीत मिळत नाही. गुळगुळीत पाया, अतिशय पातळ थर आणि सपाट बसलेले पापुद्रे या तिहींच्या मेळातून ती निर्माण होते. आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करणारा कारागीर कथलाहून अधिक वेळ भांडे साफ करण्यात घालवतो. तोच न्याय येथेही लागू पडतो.

पाणी आणि ॲल्युमिनियमचे वैर

जलाधारित धातुरंग मागाहून आले, याला रसायनशास्त्रीय कारण आहे. ॲल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होते. एरवी धातूवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर असल्याने ती जाणवत नाही. परंतु अत्यंत बारीक पापुद्र्यांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते आणि ॲक्रिलिक रंग सहसा किंचित अल्कधर्मी असतात. अशा माध्यमात संरक्षक थर विरघळतो, हायड्रोजन वायू सुटतो आणि पापुद्रे काळवंडतात. त्यामुळे निर्मात्यांना प्रत्येक पापुद्र्यावर सिलिकेसारख्या पदार्थाचे कवच चढवावे लागते, किंवा फॉस्फरसयुक्त संयुगांच्या साहाय्याने ही अभिक्रिया रोखावी लागते. मोटार उद्योग जलाधारित रंगांकडे वळला, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागला होता.

दुसरी अडचण पृष्ठताणाची. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन इतका असतो, तर प्रतिकृतींसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकची पृष्ठऊर्जा त्याच्या जवळपास निम्मी. परिणामी अळूच्या पानावरील थेंबांप्रमाणे पाणी प्लॅस्टिकवर गोळा होते, पसरत नाही. लॅकरमधील द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यात रुततो; पाणी तसे करू शकत नाही. जलाधारित रंगाला म्हणूनच प्रायमरचा आधार अनिवार्य ठरतो.

मग पाण्याचेच रंग का?

याचे उत्तर आपल्या घरांच्या आकारात आहे. लॅकरच्या थिनरमध्ये सहसा टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. ती ज्वालाग्राही असतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते आणि दीर्घकाळच्या संपर्काने मज्जासंस्थेला अपाय होऊ शकतो. परदेशातील छांदिष्टाकडे स्वतंत्र गॅरेज वा तळघर असू शकते. मुंबई-पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत जेवणाच्या टेबलावरच रंगकाम चालते. शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलेले असते आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो. अशा घरात लॅकर फवारणे हा छंद राहत नाही, तो इतरांवर लादलेला धोका ठरतो.

मात्र 'जलाधारित' म्हणजे 'निरुपद्रवी' असा अर्थ काढणे चुकीचे होईल. या रंगांतही अल्प प्रमाणात सहद्रावके आणि परिरक्षके असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एअरब्रश रंगाचे धुके करतो आणि त्या धुक्यातील राळेचे व धातूचे कण थेट फुप्फुसांत जाऊ शकतात. कणांना अडवणारा, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क, उघडी खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा एवढी व्यवस्था अत्यावश्यक समजावी. हा मास्क कण रोखतो, द्रावकांची वाफ रोखत नाही. प्रायमर वा व्हार्निश लॅकर जातीचे असेल, तर सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मुखवटा हवा.

हत्यारे

एअरब्रशचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लागला. छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी आणि चित्रकामासाठी तो वापरला जाई. प्रतिकृतीकारांच्या हाती तो पुढे आला. जपानची इवाता, अमेरिकेची बॅजर, जर्मनीची हार्डर अँड स्टीनबेक ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. तूर्त स्वस्त चिनी बनावटीचे एअरब्रशही सहज मिळतात आणि शिकण्यासाठी ते पुरेसे ठरतात.

धातुरंगासाठी 'डबल ॲक्शन' प्रकारचा एअरब्रश घ्यावा. त्यात खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग. हवा व रंग यांवर स्वतंत्र नियंत्रण राहत असल्याने अतिशय पातळ थर देता येतात. रंगाची वाटी वरच्या बाजूस असलेला नमुना सोयीचा. तो कमी दाबावरही चालतो. नोझल ०.२ ते ०.४ मिलिमीटर व्यासाचे चालते, ०.३ मिलिमीटरचे नोझल बहुतेक कामांना पुरते.

काँप्रेसर साठवण टाकी असलेला असावा. टाकीमुळे हवेचा दाब स्थिर राहतो आणि यंत्र सतत घरघरत नाही, ही बाब शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही मोलाची आहे. किनारपट्टीच्या शहरांत हवेतील बाष्प अडवणारा सापळा विसरून चालणार नाही. दमट हवा दाबली आणि पुन्हा थंड झाली, की तिच्यातील पाणी नळीत जमते आणि ऐन मोक्याच्या क्षणी थेंब बनून पंखावर पडते. पावसाळ्यात टाकीतील पाणी रोज काढून टाकावे.

दोन प्रकारचे 'ॲक्रिलिक'

दुकानात 'ॲक्रिलिक' या एकाच शब्दाखाली दोन निराळे रंगप्रकार विकले जातात आणि त्यातून अनेक घोटाळे होतात. टामियाचे ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात खरे, पण ते अल्कोहोलयुक्त थिनरने उत्तम पातळ होतात. स्पेनच्या वायेहो कंपनीचे रंग मात्र पाण्यात पसरलेल्या राळेच्या सूक्ष्म कणांचे असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनवतात आणि मग तो पाण्याने विरघळत नाही. अशा रंगात अल्कोहोल वा लॅकर थिनर घातले, तर दूध नासावे तशा त्याच्या गुठळ्या होतात आणि एअरब्रश तुंबतो. यास्तव ज्या कंपनीचा रंग, त्याच कंपनीचे थिनर हा नियम पाळावा.

वायेहोची 'मेटल कलर' ही धातुरंगांची मालिका एअरब्रशसाठीच तयार केलेली आहे. ३२ मिलिलिटरच्या बाटलीतील हा रंग मुळातच पातळ असल्याने सहसा त्यात काही मिसळावे लागत नाही. चकचकीत काळ्या पायावर तो वापरावा, अशी कंपनीची शिफारस आहे. इतर दाट रंग पातळ करताना साध्या नळाच्या पाण्याचा मोह टाळावा. जड पाण्यातील क्षार डाग पाडतात आणि फार पाण्याने राळेची पकड सैल होते. पाणी घालावेच लागले, तर पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

पृष्ठभागाची तयारी

प्लॅस्टिकचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांच्यावर असू शकतो. शिवाय हाताळताना बोटांचे तेल लागते. जोडणीपूर्वी आणि रंगापूर्वी असे दोनदा भाग सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. त्यानंतर हातमोजे वापरणे उत्तम.

सांध्यांतील फटी लांबीने भरून घासाव्यात. येथे मोटारींच्या रंगकामात वापरला जाणारा वॉटरपेपर उपयोगी पडतो. ४०० वा ६०० क्रमांकापासून सुरुवात करून १०००, १५०० आणि २००० असे चढत जावे. प्रत्येक टप्प्यात आधीच्या कागदाचे ओरखडे नाहीसे झाले पाहिजेत. पृष्ठभागावर तिरका प्रकाश टाकून पाहिल्यास राहिलेले ओरखडे लगेच दिसतात. या कामाला एक संध्याकाळ अधिक लागली तरी चालेल. धातुरंगाच्या थराखाली दडलेला ओरखडा मागाहून काढता येत नाही.

काळा पाया

चकचकीत धातू हवा असेल, तर पायाचा रंग चकचकीत काळा असावा. पातळ धातुरंगातील पापुद्र्यांमधून थोडा प्रकाश आत शिरतोच. खाली काळा रंग असेल तर तो प्रकाश शोषला जातो आणि पापुद्र्यांवरून आलेले परावर्तन अधिक ठळक, खोल दिसते. पाया चकचकीत असल्याने पापुद्रेही सपाट बसतात. करड्या वा मंद पायावर तोच रंग फिका, जुन्या पत्र्यासारखा दिसतो. जुनाट विमान दाखवायचे असेल, तर अर्थात तोच परिणाम इष्ट ठरतो.

काळा पाया आरशासारखा दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. त्यात धूळ बसली, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला, तर तो पूर्ण वाळू द्यावा, २००० क्रमांकाच्या वॉटरपेपरने पाण्याखाली हळुवार घासावा आणि पुन्हा एक थर द्यावा. जलाधारित प्रायमर हाताला वाळलेला वाटला तरी आतून मऊ असतो. त्याला किमान चोवीस तास द्यावेत; पावसाळ्यात दोन दिवस.

फवारणी

धातूचे पापुद्रे जड असल्याने तळाशी बसतात. बाटली दोन मिनिटे जोरात हलवावी. आत गंज न चढणाऱ्या पोलादाची बारीक गोळी टाकल्यास ढवळणे सोपे जाते. एअरब्रशच्या वाटीतील रंगही मधूनमधून काडीने ढवळत राहावे. अन्यथा सुरुवातीला दाट रुपेरी आणि शेवटी नुसते पाणचट माध्यम बाहेर पडते.

हवेचा दाब साधारण १२ ते १५ पीएसआय, म्हणजे सुमारे एक बार ठेवावा. अंतर पाच ते आठ सेंटिमीटर. फवारा पंखाबाहेर सुरू करून पंखाबाहेरच संपवावा आणि हात सतत हलता ठेवावा. पहिला थर म्हणजे केवळ धुक्याचा हात. त्यातून काळा पाया स्पष्ट दिसत राहतो आणि नवशिक्याला रंग 'बसत नाही' असे वाटते. येथेच बहुतेकांचा संयम सुटतो व खटका अधिक मागे ओढला जातो. रंग ओला झाला, की पापुद्रे त्या ओलाव्यात वाहत जाऊन कडांशी गोळा होतात आणि पृष्ठभाग ढगाळ दिसू लागतो. त्याऐवजी पाच-दहा मिनिटे थांबावे आणि दुसरा, तितकाच पातळ थर आडव्या दिशेने द्यावा. तीन ते चार थरांत धातू 'उमटतो'. तो उमटला की थांबावे. पाचवा थर चमक वाढवत नाही, उलट रवाळपणा आणतो.

ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावर लवकर वाळतो. फवारा तुटक येऊ लागला, थेंब उडू लागले, की थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसून घ्यावे. दर दोन-तीन मिनिटांनी असे करण्याची सवयच लावून घ्यावी. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, वाळण्याचा वेग मंदावणारे रिटार्डर दोन-चार थेंब घातल्यास फरक पडतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात नेमके उलट करावे लागते : रिटार्डर टाळावे आणि दोन थरांमध्ये अधिक वेळ जाऊ द्यावा.

मिग-२१चे उदाहरण

उघड्या धातूच्या रंगकामासाठी भारतीय छांदिष्टाला मिग-२१सारखा दुसरा विषय नाही. १९६३मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेले हे दलाचे पहिले स्वनातीत विमान. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४मध्ये याच विमानाच्या निर्मितीसाठी उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ने सेवेतून निरोप घेतला. पहिल्या काळातील अनेक मिग रुपेरी रूपातच उडत; मायावरणाचे हिरवे-तपकिरी पट्टे त्यांच्यावर नंतर चढले.

असे विमान रंगवताना एकच रुपेरी रंग सर्वत्र मारणे ही सर्वसाधारण चूक आहे. खऱ्या विमानाचा पत्रा एकसंध दिसत नाही. वेगवेगळ्या मिश्रधातूंचे आणि वेगवेगळ्या वेळी बदललेले पत्रे निरनिराळी छटा दाखवतात. एंजिनाभोवतीचा मागचा भाग उष्णतेने काळपट, किंचित तपकिरी-निळसर होतो. शेपटीकडील ज्वाला-नळीचा धातू जळका दिसतो. नाकावरचा शंकू आणि शेपटीच्या टोकाचा भाग धातूचा नसतोच; रडार व रेडिओच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून तो निराळ्या पदार्थाचा बनवलेला असतो आणि त्याला स्वतंत्र रंग असतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम संपूर्ण विमानावर फिकट ॲल्युमिनियमची छटा द्यावी. ती पक्की वाळल्यावर निवडक पत्रे टेपने वेगळे करून त्यांवर किंचित गडद ॲल्युमिनियम वा ड्युरल छटेचा एखादाच हात मारावा. दोन छटांमधील फरक जवळून दिसावा, हातभर अंतरावरून जेमतेम जाणवावा. अन्यथा विमान बुद्धिबळाच्या पटासारखे दिसू लागते. मागील भागावर पोलादी व जळक्या धातूच्या छटा, त्यावर पारदर्शक निळ्या-तपकिरी रंगाचे अतिशय विरळ धुके द्यावे. नाकाचा शंकू सर्वांत शेवटी.

छटा ठरवताना त्या काळातील छायाचित्रांचाच आधार घ्यावा. देशात अनेक चौकांत आणि संस्थांच्या आवारात निवृत्त मिग-२१ स्मारक म्हणून उभी आहेत; आकार व बारकावे पाहण्यास ती उत्तम. पण ऊन-पावसापासून रक्षणासाठी त्यांना वारंवार नवे रंग दिले जातात. त्यांच्या रंगावरून सेवेतील विमानाचा रंग ठरवणे धोक्याचे असते.

पत्रा उघडा की रंगवलेला, हा प्रश्न प्रत्येक विमानाबाबत विचारावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४४पासून बहुतेक लढाऊ विमाने मायावरणाच्या रंगाविना पाठवण्यास सुरुवात केली. त्यांतील पी-५१ मस्टँगचे धड उघड्या धातूचे होते. परंतु पंखांवरून हवा सुरळीत वाहावी म्हणून तेथील सांधे लांबीने बुजवून वर रुपेरी रंग दिलेला असे. त्यामुळे मस्टँगच्या प्रतिकृतीत धड चकचकीत आणि पंख मंद, एकसारख्या रुपेरी रंगाचे दाखवणे हेच वास्तवाला धरून होते. ज्याने हा अभ्यास केला, त्याच्या प्रतिकृतीत तो दिसतो.

टेप, डिकल आणि व्हार्निश

जलाधारित धातुरंगाचे सर्वांत मोठे वैगुण्य म्हणजे त्याची नाजूक पकड. घाईने लावलेली टेप काढताना रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. रंगाला किमान चोवीस तास द्यावेत. कमी चिकट जपानी कागदी टेप वापरावी आणि तीही आधी काचेवर दोन-तीनदा चिकटवून तिची पकड कमी करून घ्यावी. काढताना टेप वर न ओढता तिच्यावरच मागे दुमडत, सावकाश काढावी.

विमानावरील चक्रे, क्रमांक आणि चिन्हे यांची डिकल चकचकीत पृष्ठभागावर नीट बसतात. चांगला धातुरंग मुळातच गुळगुळीत असल्याने वेगळ्या व्हार्निशची गरज सहसा भासत नाही. डिकल मऊ करणारे द्रव मात्र काही धातुरंगांवर डाग पाडतात. ते आधी निरुपयोगी तुकड्यावर आजमावून पाहावेत.

व्हार्निशबाबत मतभेद आहेत. पारदर्शक थर पापुद्र्यांवर आला, की धातूची धार थोडी बोथट होते, हे खरे. पण बोटांचे ठसे आणि पुढील वॉश यांपासून संरक्षणही मिळते. मध्यम मार्ग असा, की ज्या भागांना हात लागणार आहे वा जेथे डिकल आहेत, तेवढ्याच भागांवर चकचकीत व्हार्निशचा पातळ थर द्यावा. मंद व्हार्निश मात्र उघड्या धातूवर कधीही वापरू नये. क्षणार्धात धातूचे प्लॅस्टिक होते.

नेहमीचे दोष, त्यांची कारणे

पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत झाला, तर एअरब्रश फार दूर होता किंवा दाब अधिक होता आणि रंग हवेतच वाळला, असे समजावे. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला, तर तो फार पातळ झाला आहे वा अंतर कमी पडले आहे. ढगाळ डाग म्हणजे थर ओला पडला. रंग थेंबाथेंबाने गोळा होत असेल, तर प्रायमरवर तेलकटपणा आहे. टेपबरोबर रंग निघाला, तर दोष टेपचा नसून बहुधा धुण्यात वा वाळवण्यात झालेल्या आळसाचा असतो.

यांपैकी कोणत्याही दोषावर नवा थर हा उपाय नव्हे. रंग पूर्ण वाळू द्यावा, बारीक वॉटरपेपरने घासावा, काळा पाया दुरुस्त करावा आणि त्या भागापुरती पुन्हा सुरुवात करावी. या रंगांचा एक फायदा असा, की त्यांची दुरुस्ती खालच्या प्लॅस्टिकला इजा न करता करता येते.

सफाई

धातुरंगानंतरची सफाई साध्या रंगाहून काटेकोर हवी. वाटीत वा नोझलमध्ये राहिलेले चार पापुद्रेही पुढच्या निळ्या वा पांढऱ्या रंगात चमकू लागतात. काम संपताच आधी पाणी, मग कंपनीचे सफाईद्रव फवारून घ्यावे. सुई काढून टोकाच्या दिशेने पुसावी. नोझल नाजूक असते. ते आवळताना बळ लावू नये. अमोनियायुक्त काचसफाईच्या द्रवात एअरब्रश बुडवून ठेवणे टाळावे, कारण अमोनियाने पितळ खराब होते.

सफाईचे पाणी थेट मोरीत ओतू नये. ते उघड्या डब्यात ठेवून वाळू द्यावे आणि उरलेला साका कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. प्लॅस्टिकची राळ आणि धातूचे कण सांडपाण्यात सोडायचे नसतील, तर एवढी तसदी घ्यायलाच हवी.

संयमाची किंमत

लॅकरच्या तुलनेत जलाधारित धातुरंग सावकाश पक्के होतात, टेपला लवकर हार जातात आणि पायातील प्रत्येक उणीव उघडी करतात. आरशासारख्या चकाकीत अव्वल लॅकर आजही त्यांच्या पुढे आहेत, हे मान्य करायला हवे. परंतु विमानतळावर उभ्या असलेल्या, ऊन-पाऊस झेललेल्या लढाऊ विमानाचा पत्रा आरशासारखा नसतोच. त्या पत्र्याची संयत, थोडी थकलेली चमक या रंगांतून उत्तम साधते.

लॅकरऐवजी हे रंग निवडणाऱ्याला प्रत्येक प्रतिकृतीमागे चार-पाच दिवस अधिक द्यावे लागतात. त्या बदल्यात घरातील इतरांना दारे लावून बसावे लागत नाही आणि शाळकरी मुलालाही मास्क लावून वडिलांच्या शेजारी बसता येते. छंद घरात टिकायचा असेल, तर हा सौदा निश्चितच फायद्याचा आहे. नवशिक्याने थेट विमानाला हात न घालता आधी प्लॅस्टिकच्या जुन्या चमच्यांवर काळा पाया देऊन सराव करावा. चमच्याच्या बाकामुळे प्रकाश कसा वळतो, हे तत्काळ दिसते. पाच-सहा चमचे रुपेरी झाले, की हाताला अंतर कळते आणि खटक्यावरचे बोट आपोआप हलके होते.